तुमचे प्रश्न, आमची उत्तरं: स्पिरिट वीक, शाळेतली दिवाळी आणि आजोबांची मेडल्स

प्रश्न: ताई, आम्ही जूनमध्ये नाशिकहून ओहायोत आलो, कोलंबसच्या जवळ राहतो. मुलगा दुसरीत आहे. शाळा सुरू झाल्यापासून स्कूल डिस्ट्रिक्टकडून, म्हणजे इथल्या शाळांचा कारभार बघणाऱ्या संस्थेकडून, सारखे ईमेल येतात, आज स्पिरिट वीक, उद्या फूड ड्राइव्ह, मग होमकमिंग, बुक फेअर. सगळ्याला पैसे आणि नवे कपडे लागतात असं वाटतं. मी एच-४ वर म्हणजे डिपेंडंट व्हिसावर आहे, दिवसभर घरी असते, कुणाची ओळख नाही. यातलं खरंच गरजेचं काय? आणि शाळेत दिवाळी करा असं सांगितलं तर चालेल का?

उत्तर: सगळ्यात आधी पैशांचं. स्पिरिट वीक म्हणजे रोज ठरलेल्या वेगळ्या पोशाखात शाळेत जायचा आठवडा, त्याला काहीही विकत आणू नका. पायजमा डेला घरातला पायजमा चालतो, क्रेझी सॉक्स डेला दोन पायांत दोन वेगळे मोजे घातले की झालं, आणि शाळेच्या रंगाचा टीशर्ट नसेल तर त्या रंगाचं काहीही. फक्त तारीख चुकवू नका, कारण वर्गात सगळे पायजम्यात आणि आपलंच पोर जीन्समध्ये असलं की ते त्याला दिवसभर लागतं. बुक फेअरला नुसतं बघून यायलाही कुणाची ना नसते. फूड ड्राइव्हला मात्र शक्य असेल तर मुलाच्या हातून एक-दोन डबे जरूर पाठवा, बीन्स, पीनट बटर, पास्ता असं टिकणारं काहीही, ते साधारणपणे तुमच्याच भागातल्या फूड पँट्रीत, म्हणजे गरजूंना फुकट अन्नधान्य देणाऱ्या केंद्रात जातं आणि त्यावर चालणारं एखादं घर त्याच्याच वर्गातलं असू शकतं.

होमकमिंग चुकवू नका असं मी आग्रहाने सांगेन. तसं ते हायस्कूलचं, पण गावच्या जत्रेला मुंबईकर परततात ना, तसे जुने विद्यार्थी त्या आठवड्यात येतात. बऱ्याच ठिकाणी परेड निघते, मार्चिंग बँड असतो, शुक्रवारी रात्री अमेरिकन फुटबॉलची मॅच. फुटबॉल कळत नसला तरी जा, आणि रात्री गारठा असतो म्हणून ब्लँकेट न्या. बाकांवर शेजारी बसलेली माणसं आपणहून बोलतात, आमच्या ओळखी तिथेच झाल्या.

ओळखीचा दुसरा रस्ता म्हणजे पीटीओ, म्हणजे शाळेतल्या पालक-शिक्षकांची संघटना. काही शाळांत पीटीए असते, ती १८९७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय संघटनेची शाखा, आणि पीटीओ म्हणजे त्या शाळेपुरती स्वतंत्र. काम बिनपगारी आहे त्यामुळे त्याला वर्क परमिट लागत नाही. काही डिस्ट्रिक्ट आधी बॅकग्राउंड चेक करतात, त्याला वेळ लागतो म्हणून फॉर्म आत्ताच भरा. पहिल्याच मीटिंगला मोठी जबाबदारी घेऊ नका, बुक फेअरच्या टेबलावर तासभर उभ्या राहा, टीचरसाठी कागद कापून द्या. माझं ठाम मत आहे की वर्गणी देणाऱ्यापेक्षा खुर्च्या आवरायला थांबणाऱ्या आईला लोक लवकर आपलं म्हणतात.

हॅलोविनचं एक सांगते. तुमच्या भागात मुलांनी वेष करून चॉकलेटं मागत घरोघरी जायच्या रात्रीला बेगर्स नाइट म्हणतात आणि ती ३१ ऑक्टोबरलाच असेल असं नाही, गावाने जाहीर केलेली तारीख बघा. शाळेतल्या परेडला मास्क आणि खोट्या तलवारी सहसा चालत नाहीत, म्हणजे मावळा करणार असाल तर तलवार घरी.

आता दिवाळी. चालेल, पण टीचरला तीन-चार आठवडे आधी विचारा. सरकारी शाळेत सणाची माहिती देता येते, पूजा नाही. आणि फराळ घेऊन जाऊ नका, नट ॲलर्जीमुळे बहुतेक ठिकाणी घरचं खाणं चालतच नाही, तिथे काजू घातलेला लाडू म्हणजे खरंच धोका. त्याऐवजी मातीच्या पणत्या आणि ॲक्रिलिक रंग न्या. प्रत्येकाने आपली पणती रंगवायची, आत बॅटरीवरचा छोटा दिवा ठेवायचा, वर्गातले लाइट बंद केले की पोरं एकदम ओरडतात! मुलाला दोन वाक्यं बोलायला द्या, तुम्ही कमी बोला.

सुट्टी हवी असेल तर ती टीचरच्या हातात नसते. कॅलेंडर स्कूल बोर्ड मंजूर करतं, तिथले सदस्य निवडून आलेले असतात आणि मीटिंग सगळ्यांसाठी खुली असते. न्यूयॉर्क शहरातल्या शाळांना दिवाळीची सुट्टी देणारा राज्याचा कायदा २०२३ मध्ये झाला तोही लोकांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली म्हणून. तुमच्याकडे नागरिकत्व नसल्याने शाळेच्या लेव्हीवर म्हणजे जादा मालमत्ता कराच्या प्रस्तावावर मत देता येणार नाही, पण मीटिंगला जाऊन बसता नक्की येतं, आणि लोकांच्या सूचनांची वेळ ठेवलेली असेल तर नाव देऊन बोलताही येतं. चार मराठी, दोन तेलुगू, एक गुजराती घर मिळून गेलात तर जास्त बरं.

प्रश्न: मी साताऱ्याचा, निवृत्त सुभेदार. नोव्हेंबरमध्ये मुलीकडे जातोय. ११ तारखेला नातीच्या शाळेत व्हेटरन्स डेचा कार्यक्रम आहे, तिची इच्छा आहे मी मेडल्स लावून यावं. बरं दिसेल का?

उत्तर: सुभेदारसाहेब, जरूर जा, फक्त मुलीला आधी शाळेला ईमेल करायला सांगा. तो दिवस अमेरिकेच्या माजी सैनिकांचा, स्टेजवर मान त्यांचा, तुम्ही आजोबा म्हणून पाहुणे. मेडल्सचं शाळेला विचारून घ्या, हो म्हणाले तर ब्लेझरवर अभिमानाने लावा. तारखेशी आपलंही नातं आहे, पहिलं महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ ला थांबलं आणि तुमच्याच जिल्ह्यातल्या अपशिंगे गावचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले. नातीला हे आदल्या रात्री सांगा, तिला वर्गात सांगावंसं वाटेल. शाळेच्या ऑफिसात फोटोचं ओळखपत्र मागतात, पासपोर्ट खिशात असू द्या.