शेजारी देशांचे दूरसंचार नियामक एकत्र बसले, तर मुंबईतलं इंटरनेट सुधारतं का?

तुम्ही विचारलंय की ट्राय, म्हणजे आपला दूरसंचार नियामक, आणि शेजारच्या देशांचे नियामक बैठका घेतात, गटाने फोटो काढतात, पण अंधेरीत बसून तुम्ही लावलेल्या व्हिडिओ कॉलला त्याचा उपयोग काय? मी बरीच वर्षं मुंबईत नेटवर्क सांभाळायचं काम करतोय. कॉल अधूनमधून तुटत असेल तर आधी गच्चीवरून लोंबणारी केबल आणि घरातला राउटर बघा, त्यात कुठलाही नियामक काही करू शकत नाही. पण लंडन किंवा दुबईचं काहीच धड उघडत नाही असे दिवस येतात, तेव्हा तुमचा प्रश्न खरा ठरतो.

३० जानेवारी २००८ ला मी शिफ्टवर होतो. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन केबल, सी-मी-वी-४ आणि फ्लॅग, एकाच दिवशी तुटल्या. समुद्राखालच्या केबल मुंबईत जिथे वर येतात त्या वर्सोव्याच्या किनाऱ्यावर सगळं जागच्या जागी होतं, आमच्या मशिनी हिरव्या दिवे लावून बसल्या होत्या, आणि तरी मालाडच्या कॉल सेंटरवाल्यांचे फोन थांबत नव्हते. मग युरोपचा ट्रॅफिक, म्हणजे तिकडे येणारा-जाणारा डेटा, सिंगापूरवरून, पॅसिफिक ओलांडून, पृथ्वीला उलटा वळसा घालून पाठवायचा. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ तांबड्या समुद्रात सी-मी-वी-४ पुन्हा तुटली, सोबत आयएमईडब्ल्यूई ही दुसरी केबल. सतरा वर्षं गेली तरी पश्चिमेचा रस्ता त्याच चिंचोळ्या पाण्यातून जातोय.

आता नियामकांकडे येऊ. दक्षिण आशियाई दूरसंचार नियामक परिषद १९९७ पासून आहे. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका, मालदीव, अफगाणिस्तान आणि इराण असे नऊ देश तिच्यात आहेत. सार्कची शिखर परिषद २०१४ च्या काठमांडूनंतर भरलेलीच नाही, ही परिषद मात्र चालू राहिली, हे मला कमी वाटत नाही. पण तिला हुकूम देता येत नाही. ट्रायचं बघा ना, परवान्यांच्या बाबतीत ती आपल्या घरातही फक्त शिफारस करते, ठरवतं सरकार. तेव्हा नऊ शिफारस करणाऱ्यांनी मिळून काय करायचं?

स्पेक्ट्रमच्या, म्हणजे मोबाइलच्या रेडिओ लहरींच्या, बाबतीत त्यांनी बरंच केलंय, ते दिसत नाही एवढंच. याच परिषदेची मोठी बहीण म्हणजे बँकॉकची आशिया-पॅसिफिक टेलिकम्युनिटी. तिच्या सदस्य देशांनी २०१० मध्ये ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्याची वाटणी ठरवली: ४५ मेगाहर्ट्झ फोनकडून टॉवरकडे, ४५ टॉवरकडून फोनकडे. प्रत्येक देशाने हा पट्टा आपल्या मनाने कापला असता तर फोन बनवणाऱ्याला प्रत्येकासाठी वेगळे फिल्टर घालावे लागले असते आणि त्याचे पैसे तुम्ही-आम्ही भरले असते. २०२२ च्या लिलावात जिओने हाच पट्टा घेतला. लिफ्टजवळ, जिन्याखाली ५जी पोचतं त्यात या पट्ट्याचा मोठा हात आहे. शिवाय लहरींना सीमा कळत नाही. दोन देशांचे टॉवर एकमेकांच्या सिग्नलमध्ये घुसायला लागले की नियामकांनाच बोलावं लागतं.

जिथे केबल आणि सीमा एकत्र येतात तिथे मात्र गाडी अडते. मार्च २०१६ मध्ये बांगलादेशातल्या कॉक्स बाजारहून आगरतळ्याला सेकंदाला १० गिगाबिट बँडविड्थ, म्हणजे डेटा वाहून नेण्याची क्षमता, मिळायला लागली. मुंबई आणि चेन्नईनंतरचं ते भारताच्या इंटरनेटचं तिसरं आंतरराष्ट्रीय दार. त्याआधी त्रिपुराचा ट्रॅफिक सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्ट्यातून अख्खा देश ओलांडून किनाऱ्यापर्यंत यायचा, वास्तविक समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर. पण डिसेंबर २०२४ मध्ये बांगलादेशच्या नियामकाने ईशान्य भारताला आपल्या भूमीवरून आणखी बँडविड्थ नेऊ देण्याचा प्रस्ताव रद्द केला. ढाक्यात सरकार बदललं होतं. तंत्र तेच, तारा त्याच.

दुरुस्तीचंही तसंच. केबल तुटली की जहाज लागतं, ते परदेशी झेंड्याचं असतं आणि आपल्या पाण्यात शिरायला त्याला बऱ्याच खात्यांच्या परवानग्या लागतात. ट्रायने जून २०२३ मध्ये भारतीय झेंड्याची दुरुस्ती जहाजं हवीत असं सुचवलंय. माझ्या मते शेजाऱ्यांनी मिळून एक सोपं करावं: दुरुस्तीच्या जहाजाला आपापल्या पाण्यात ठरलेल्या दिवसांत परवानगी द्यायची. पण यात नौदल, गृहखातं, कस्टम असे सगळे येतात आणि नियामकाची खुर्ची त्या टेबलाच्या टोकाला असते.

त्यापेक्षा लवकर होण्याजोगं काम वेगळंच आहे. एकेकाळी मुंबईतल्या दोन कंपन्यांमधला ईमेलसुद्धा परदेशाला हात लावून यायचा. २००३ मध्ये निक्सी हे एक्सचेंज, म्हणजे इंटरनेट कंपन्यांनी आपापसात डेटा देण्याघेण्याची जागा, सुरू झालं आणि देशातला ट्रॅफिक देशातल्या देशात फिरवायची सोय झाली. शेजाऱ्यांशी तसं अजून नीट जमलेलं नाही. तुमच्या लॅपटॉपवरून ढाक्यातल्या एखाद्या कॉलेजच्या साइटला ट्रेसरूट (डेटा कुठून कुठून जातो ते दाखवणारी कमांड) मारून बघा. मी मागे मारला तेव्हा डेटाचं पाकीट आधी सिंगापूरला जाऊन आलं.