गोळी चालू आहे, मग वर्ग कशाला?

"गोळी घेतोय, पथ्य पाळतोय. मग चार शनिवार वर्गात बसून वेगळं काय कळणार?" नव्याने मधुमेह निघालेले बरेच जण हे विचारतात. खालची हकिकत एका माणसाची नाही, अशा काही जणांच्या अनुभवांतून जुळवलेली आहे.

तालुक्याच्या गावी हार्डवेअरचं दुकान, वय 54. उपाशीपोटी साखर 168, जेवणानंतर 262, तीन महिन्यांची सरासरी म्हणजे एचबीएवनसी 8.4. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन 500 ची गोळी दोन वेळा जेवणासोबत दिली आणि मधुमेह शिक्षण वर्गाला जायला सांगितलं. मुलाने नाव नोंदवलं म्हणून काका आले, आणि आल्या आल्या म्हणाले, "मॅडम, भात सोडला, पोळी सोडली, साखर सोडली. आता भाकरी आणि गुळाचा चहा. तरी जेवणानंतरचा आकडा दोनशेच्या खाली येईना. अजून काय बंद करायला सांगणार?"

काहीच बंद करायला सांगितलं नाही. दुकानात खिळे तोलायचा काटा असेलच, त्यावर एका भाकरीचं पीठ तोलून आणा आणि पुढच्या वेळी काकूंना बरोबर आणा, एवढंच सांगितलं. घरात पीठ मळणारी व्यक्ती वर्गाला आली नाही तर आहाराचा तास जवळपास वाया जातो. ताटात काय पडतं हे जेवणाऱ्याला अंदाजानेच माहीत असतं.

पुढच्या शनिवारी काकूंनी आकडा सांगितला: भाकरीला 85 ग्रॅम ज्वारीचं पीठ. "हे दोन खातात. भात नाही म्हटल्यावर पोट कसं भरणार यांचं?" दोन भाकऱ्या म्हणजे 170 ग्रॅम पीठ, त्यात साधारण 115 ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे पचल्यावर ज्यांची रक्तात साखर होते तो भाग. आधीचं जेवण काय होतं? तीन फुलके, प्रत्येकी 30 ग्रॅम कणकेचे, आणि शंभरेक ग्रॅम शिजलेला भात. त्याची बेरीज 85 च्या आसपास येते. पथ्य सुरू केल्यापासून काका एका जेवणाला तीसेक ग्रॅम कर्बोदकं जास्त खात होते! ज्वारी चांगलीच आहे, पण भाकरीला मोकळीक आहे असं समजून ती कितीही खाल्ली की आकडा चढणारच. गुळाचंही तेच. रक्तातल्या साखरेपुरता गूळ आणि साखर यांत धरण्याजोगा फरक नाही.

मग ठरलं ते असं: एक भाकरी, वाटीभर उसळ किंवा घट्ट वरण, पालेभाजी आणि काकडी-टोमॅटो आधी खायला, वर हवा तर अर्धी वाटी भात. भात परत आला म्हटल्यावर काकांचा चेहरा उजळला. वर्गात "हे चालेल, हे चालणार नाही" असा छापील तक्ता वाटून मोकळं होणाऱ्यांवर आमचा फारसा विश्वास नाही. तो तक्ता फ्रिजवर चिकटतो आणि तिथेच राहतो.

त्यांची वहीदेखील पाहिली. घरच्या साखर मोजायच्या मीटरवरचा, बहुतेक दिवशी सकाळचा एकच आकडा. त्यावरून कुठल्या जेवणाने काय केलं ते कळत नाही. त्यापेक्षा आठवड्यातून दोन-तीनदा जोडीने तपासावं: एक आकडा जेवणाआधी, दुसरा पहिल्या घासापासून दोन तासांनी. हात धुतल्यापासून दोन तास मोजले की उशीर होतो. शेजारी काय खाल्लं ते एका ओळीत. बहुतेकांसाठी जेवणाआधी 80 ते 130 आणि नंतर 180 च्या आत हे लक्ष्य असतं. वय जास्त असेल किंवा दुसरे आजार असतील तर डॉक्टर ते बदलतात.

वहीत एका दुपारी 241 लिहिलं होतं, आणि काका त्याने घाबरले होते. त्या दिवशी काय झालं विचारलं तर काकू म्हणाल्या, "आंबे चिरत होते की हे!" बोटाला लागलेला रसही मीटर मोजतो. साबणाने हात धुवायचे, पूर्ण कोरडे करायचे, बोटाच्या पेराच्या मधोमध न टोचता कडेला टोचायचं, थेंब येत नाही म्हणून बोट जोराने पिळायचं नाही. स्ट्रिपच्या डबीचं झाकण काढल्याबरोबर लावायचं, पावसाळ्यात तर विसरून चालत नाही, कारण दमटपणाने स्ट्रिप बिघडतात. लॅब आणि मीटर यांत 10-15 टक्के फरक आला म्हणून मीटर फेकू नये.

साखर अचानक उतरण्याची भीती त्यांना होती. नुसत्या मेटफॉर्मिनने तसं क्वचितच होतं. शरीरातलं इन्सुलिन वाढवणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल आणि तीच घेऊन उपास केला तर मात्र होतं. 70 च्या खाली गेल्यास तीन चमचे साखर पाण्यातून, 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी. चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उशिरा पोचते.

तिसऱ्या शनिवारी जेवणानंतरचे आकडे 171, 184, 166 असे आले. "मग आता एचबीएवनसी करून टाकू?" काकांनी विचारलं. इतक्यात नाही. लाल पेशी साधारण 120 दिवस जगतात, त्यामुळे महिन्याभरात केलेल्या तपासणीत जुन्या दिवसांचाही हिशेब येतो. तीन महिने होऊ द्यायचे. तोवर डोळ्यांच्या पडद्याची आणि लघवीतल्या अल्ब्युमिनची (एका प्रथिनाची, मूत्रपिंडासाठी) तपासणी उरकायची. टाइप 2 मधुमेहात या दोन्ही निदान झाल्याबरोबर आणि पुढे दरवर्षी करायच्या असतात, त्रास नसला तरी.

चौथा शनिवार पायांचा. काकांना तो टाळायचा होता, "पायाला काही झालेलं नाही" म्हणून. नवे बूट घालून येऊ नका, दुकानात रोज वापरता ती झिजलेली चप्पलच घालून या, असं सांगून ठेवलं आहे. तळव्यावर दाब कुठे पडतो ते तिच्यावरून दिसतं.