टँकर, नऊ वर्षांच्या मुलीच्या उंचीवरून

प्रश्न : उन्हाळ्यात आमच्या वस्तीत टँकर येतो. त्यावर आम्ही मोबाइलवर सहा मिनिटांचा लघुपट केला. नायिका नऊ वर्षांची आहे. भेगाळलेली जमीन, आभाळाकडे बघणारी मुलगी, बायकांची भांडणं असं सगळं घेतलं. तरी लोक म्हणतात, जाहिरात वाटते. पुन्हा करायचा आहे. (वाचक, नागपूर)

उत्तर : नागपूरच्या वस्तीत भेगाळलेली जमीन आणली कुठून? ही सगळी मोठ्यांची दृश्यं आहेत. मुलीला काळजी असते ती रांगेतल्या नंबरची. बाकीच्या पोरी खेळतायत आणि हिला गुंड (पाण्याचा हंडा) पुढे सरकवत उभं राहायचंय, एवढं कथेला पुरे.

१३० सें.मी. उंचीच्या मुलीचे डोळे जमिनीपासून सुमारे १२० सें.मी.वर असतात. कॅमेरा तिथेच ठेवा. मोठ्यांचे चेहरे फ्रेमबाहेर गेले तर जाऊ द्या. कंबरा, बांगड्या, गुंडांचे तळ दिसू देत. मोबाइलच्या ०.५एक्स (रुंद कोनाच्या) लेन्सने टँकर अंगावर आल्यासारखा दिसतो, पण त्याच लेन्सने जवळून चेहरा घेतला तर तो ताणला जातो. चेहऱ्याला १एक्स किंवा २एक्स वापरा.

आवाज मात्र वेगळा रेकॉर्ड कराच. भांडं भरत जातं तशी आतली हवेची पोकळी आखूड होते आणि सूर चढतो. रोज पाणी भरणारी मुलगी न बघता, नुसत्या कानाने नळी कधी काढायची ते ओळखते. तिची नजर खेळाकडे, कान गुंडाकडे: तुमचा उत्तम शॉट हाच. मोबाइल गुंडाच्या तोंडापासून फूटभर लांब, शिंतोडे चुकवून धरा आणि रिकाम्यापासून काठोकाठ भरेपर्यंत एका दमात घ्या. तुकडे जोडले की चढत्या सुरात उडी ऐकू येते. हेच पाणी पुढच्या टेकला वापरा. टंचाईच्या चित्रीकरणात पाणी सांडलेलं वस्ती विसरत नाही.

मेच्या अखेरीस दुपारी सूर्य इथे थेट डोक्यावर असतो (२६ मेच्या सुमारास तर सावली पायाखालीच), त्यामुळे डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. सकाळी साडेआठपर्यंत किंवा संध्याकाळी पाचनंतर शूट करा. धार मागून येणाऱ्या उजेडात आणि गडद भिंतीपुढे उठून दिसते, पांढऱ्या आभाळापुढे हरवते. फोन तापला तर कव्हर काढून सावलीत ठेवा. बर्फावर नको, आत दव धरतं. घरातल्या दिव्याखाली सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटर ठेवा, नाहीतर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर चित्र लुकलुकतं.

प्रश्न : मुलीने खरंच भरलेला गुंड उचलावा का? परवानगी लागते का?

उत्तर : नको. १५ लिटर म्हणजे १५ किलो पाणी, वर भांड्याचं वजन. पण अगदी रिकामाही देऊ नका. तो झुलतो, खणखणतो आणि खांदा झुकत नाही. तीन लिटर पुरे.

व्यावसायिक निर्मिती असेल तर बालकलाकारासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. काम दिवसाला ५ तासांहून जास्त नाही, सलग ३ तासांहून जास्त नाही. हौशी चित्रीकरणातही हीच मर्यादा पाळा. मेच्या उन्हात त्याच्या निम्म्यावरच थांबलेलं बरं.