श्रेणी नको, सदर म्हणा

प्रश्न असा आला आहे : "किल्ल्यांच्या भटकंतीवर मराठी ब्लॉग करतेय. वर्डप्रेसमधल्या कॅटेगरीला मेनूत 'श्रेणी' लिहू की 'वर्ग'? आणि पोस्ट, पेज यांना काय म्हणू?"

श्रेणी मुळीच नको. मराठी संकेतस्थळांवर हा शब्द जिथे तिथे बघून आता डोकं उठायला लागलंय. परवा साबुदाण्याच्या खिचडीखाली "श्रेणी : उपवास" असं वाचलं. हिंदीत श्रेणी म्हणजे गट, तिथे तो शोभतो. मराठीत श्रेणी मिळते ती परीक्षेत, नाहीतर नोकरीत : अ श्रेणी, वेतनश्रेणी. तिथे एक वर असतो, दुसरा खाली. त्यात तुमचा विषय किल्ल्यांचा. किल्ल्याच्या माहितीत "श्रेणी : मध्यम" लिहिलं की भटके चढाई किती अवघड तेच समजतात. मग "श्रेणी : जलदुर्ग" वाचून त्यांनी काय समजायचं?

'वर्ग' मराठी विकिपीडियावर आहे, आणि ज्ञानकोशाला तो ठीकच आहे. ब्लॉगला मात्र तो शाळेच्या पाटीसारखा वाटतो. 'प्रवर्ग' तर आरक्षणाच्या अर्जातच राहू द्या.

आपल्याकडे घरचा शब्द आहे : सदर. "हे फसवणुकीच्या सदरात मोडतं", "कुठल्या सदराखाली हा खर्च टाकू?" असं आपण रोज बोलतो. कॅटेगरी म्हणजे नेमकं हेच. वर्तमानपत्रातलं सदरही तेच, एका नावाखाली पुन्हा पुन्हा येणारं लेखन.

आणि मूळ बघा. अरबीत 'सद्र' म्हणजे छाती. छातीवरून पुढचा भाग, त्यावरून मानाची, अग्रभागाची जागा. वाड्यात शिरल्यावर समोर चौकाकडे तोंड करून असते ती सदर. आल्यागेल्यानं बसायचं तिथे, कारभारही तिथेच. राजगडावर पद्मावती माचीला गेला असाल तर तिथली सदर पाहिलीच असेल. कागदाचीही छाती वरच्या अंगाला. म्हणून "सदर अर्ज" म्हणजे वर ज्याचा उल्लेख आला तो अर्ज, आणि सदरहू म्हणजे वर सांगितलेला. हिशेबाच्या वहीतलं सदर म्हणजे रकान्याच्या माथ्यावरचं नाव, तेही माझ्या मते इथूनच आलं. छातीवर घालायची ती सदरी. आपला सदराही तिचाच भाऊ, याबद्दल मला तरी शंका नाही. मराठीनं लिंगसुद्धा किती नेटकं वाटून दिलंय : वाड्यातली ती सदर, म्हणून सदरेवर बसायचं, लेखनातलं ते सदर, म्हणून सदरात लिहायचं.

यावर भाषाशुद्धीवाले म्हणतील, शब्द परका आहे, 'स्तंभ' म्हणा. स्तंभ हे इंग्रजी कॉलमचं सरळ भाषांतर. छापील वर्तमानपत्रात उभे रकाने होते तेव्हा त्याला काही आधार तरी होता. मोबाइलच्या पडद्यावर कुठला खांब उभा आहे? कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला शिवरायांनीच, तरी त्यांच्या राजगडावरची सदर आजही सदरच आहे. तिला परकी म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

पेजला 'पृष्ठ' म्हणू नका. संस्कृतात पृष्ठ म्हणजे पाठ. आपली पाठ तिथूनच आली, आणि पुस्तकाचा पुठ्ठाही. कागदाच्या दोन्ही बाजूंना छापलं की आपण "पाठपोट छापलं" म्हणतो. पाठ म्हटली की पोट आलंच, आणि पडद्यावरच्या मजकुराला उलटी बाजू नसते. 'पान' म्हणा. ते पर्णाचं, भूर्जपत्राच्या नि ताडपत्राच्या पोथ्यांपासून आपल्या हाताखालचं.

पोस्टला पोस्टच म्हणा, किंवा लेख. पत्र टाकतो ते पोस्ट आणि वाचतो ती पोस्ट, असा फरक मराठी माणसानं न शिकवता केला आहे. शब्द आपला झाला याला आणखी काय पुरावा हवा?

मांडणीचं राहिलंच. पोस्ट तारखेनं लागतात, नवी सगळ्यात वर. पान एका जागी राहतं. म्हणून "माझ्याविषयी" आणि "संपर्क" ही पानं करा, आणि राजगडाची, हरिहरची चढाई पोस्टमध्ये येऊ द्या. सदर लावायचं ते पोस्टला, पानाला वर्डप्रेस एरवी सदर देतच नाही. सदरं थोडीच ठेवा : गिरिदुर्ग, जलदुर्ग, घाटवाटा. आणि ज्या पोस्टला तुम्ही सदर दिलेलं नसेल तिच्यावर 'अवर्गीकृत' असं काहीतरी आपोआप चिकटतं. ते मूळ सदर सहजी पुसता येत नाही, पण त्याचं नाव बदलता येतं. तिथे 'संकीर्ण' लिहा.