तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : पोहण्याच्या टाकीतलं हट्टी शेवाळ

प्रश्न : बंगल्यामागे आमचा 8 बाय 4 मीटरचा टाइल्सचा पूल आहे, खोली 1 ते 1.5 मीटर. दिवाळीनंतर रिकामा करून बोअरचं ताजं पाणी भरलं. तेव्हापासून तरंगत्या डब्यात आठवड्याला दोन, 200 ग्रॅमच्या टीसीसीए (सावकाश विरघळणाऱ्या क्लोरीनच्या) गोळ्या ठेवतो. मार्चपासून पाणी हिरवं पडायला लागलंय. ब्लीचिंग पावडर टाकली की दोन दिवस बरं दिसतं, चौथ्या दिवशी भिंती पुन्हा बुळबुळीत. किटमध्ये तर क्लोरीन गडद पिवळं दाखवतं. बागेसाठी आणलेलं मोरचूद टाकू का?
(वाचक, गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर : मोरचूद टाकू नका. बुरशीवर फवारायच्या बोर्डो मिश्रणामुळे द्राक्षवाल्यांच्या घरी ते असतंच, म्हणून हात तिकडे जातो. पण त्यातलं तांबं पाण्यात साचून राहतं, पाण्याचा पीएच, म्हणजे अल्कपणा, वाढला की टाइल्सवर आणि सांध्यांत निळसर-हिरवे डाग धरतं. ते डाग काढणं शेवाळ काढण्यापेक्षा अवघड.

आणखी एक गोष्ट आजपासूनच पाळा. टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडर एका बादलीत, एका डब्यात किंवा एकाच मापानं कधीही घेऊ नका. दोन्ही एकत्र आल्यास पेट घेऊ शकतात, स्फोटही होऊ शकतो.

आता मूळ दुखणं. तुमच्या पूलमध्ये साधारण 40,000 लिटर पाणी आहे. 200 ग्रॅमची एक गोळी त्यात सुमारे 4.5 पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) क्लोरीन सोडते आणि त्याच्याबरोबर सुमारे 2.7 पीपीएम सायन्युरिक ॲसिड. क्लोरीन उन्हात आणि शेवाळावर खर्च होतं. सायन्युरिक मात्र उडत नाही, पाणी बाहेर गेलं तरच कमी होतं. आठवड्याला दोन गोळ्या म्हणजे पाच महिन्यांत ते शंभराच्या पुढे गेलेलं असणार. 30 ते 50 पीपीएमपर्यंत ते उपयोगाचंच असतं, कारण क्लोरीनला उन्हापासून सांभाळतं. त्यापुढे ते क्लोरीनला इतकं धरून ठेवतं की शेवाळ मारायला पुरेसं क्लोरीन उरत नाही. म्हणून नुसता क्लोरीनचा आकडा पाहून चालत नाही. शेवाळ येऊ नये यासाठी क्लोरीन सायन्युरिकच्या साडेसात टक्के तरी हवं : 40 ला 3 पीपीएम, 120 ला 9.

तुमचं किटही दिशाभूल करतंय. पिवळा रंग देणारं किट एकूण क्लोरीन मोजतं, त्यात निकामी झालेलंही येतं. गुलाबी रंगाचं डीपीडी किट आणा, म्हणजे मोकळं क्लोरीन वेगळं कळेल. सायन्युरिकची चाचणीही घ्या. त्यात पाणी गढूळ होतं आणि नळीच्या तळाचा काळा ठिपका दिसेनासा झाला की तिथला आकडा वाचायचा.

आकडा 120 च्या आसपास आला तर दोन-तृतीयांश पाणी, म्हणजे 27,000 लिटर, बदलावं लागेल. यावर दुसरं औषध नाही. हे काम पावसाळ्यापूर्वी उरका. जमिनीत पाणी चढलेलं असताना टाकी रिकामी केली तर खालच्या दाबानं तळ उचलला जातो, टाइल्स फुटतात. काढायच्या पाण्यातलं क्लोरीन आधी उन्हात शून्यावर येऊ द्या, मग नारळाला द्या. द्राक्षवेलींना देऊ नका, त्यांना क्लोराइड सोसत नाही.

नवं पाणी भरल्यावर पीएच 7.2 ला आणा. हे आधीच करायचं, कारण क्लोरीन 10 पीपीएमच्या वर गेलं की पीएचचं किट खोटं बोलतं. मग संध्याकाळी मोकळं क्लोरीन सायन्युरिकच्या 40 टक्क्यांवर न्या. सायन्युरिक 40 असेल तर 16 पीपीएम, म्हणजे तुमच्या पूलला 10 टक्क्यांचं ताजं हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे द्रव क्लोरीन) साडेसहा लिटर. कॅन उन्हात ठेवलेलं असेल तर त्यातलं बळ गेलेलं असतं, म्हणून लहान कॅन घ्या आणि सावलीत ठेवा. पीएच उतरवायचं ॲसिड आणि हायपो लागोपाठ ओतू नका, जवळजवळही ठेवू नका. विषारी वायू होतो.

पंप चोवीस तास चालू ठेवा. दर काही तासांनी मोजा, कमी पडलं की परत 16 ला न्या. लोक इथंच कंटाळतात. एकदाच भरपूर टाकून थांबलं की उरलेलं शेवाळ पुन्हा जोर धरतं. रोज सगळ्या भिंती ब्रशनं घासा. शिडीच्या पाइपामागे, स्किमरच्या (वरचा कचरा ओढणाऱ्या तोंडाच्या) झडपेखाली आणि दिव्याच्या खोबणीत ब्रश पोचलाच पाहिजे. फिल्टरचा दाब स्वच्छ असतानाच्या दाबापेक्षा अर्धा बार वाढला की बॅकवॉश करा, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुवा. तुरटीनं शेवाळ मरत नाही. तिनं गाळ तळाशी बसतो, पण तो व्हॅक्यूम करून थेट बाहेर सोडावा लागतो, फिल्टरमधून नेला तर त्यातली वाळू चिकटते.

काम संपलं हे पाणी नितळ दिसण्यावरून ठरवू नका. सूर्यास्तानंतर क्लोरीन मोजा, पहाटे ऊन पडण्यापूर्वी पुन्हा मोजा. फरक 1 पीपीएमच्या आत आणि निकामी क्लोरीन (एकूण वजा मोकळं) अर्ध्या पीपीएमच्या आत हवं. क्लोरीन 5 वर उतरेपर्यंत मुलांना पाण्यात सोडू नका. त्यानंतर 4 ते 5 पीपीएम राखा. एप्रिल-मेच्या उन्हात त्यासाठी रोज सुमारे सव्वा लिटर हायपो लागेल, ते संध्याकाळी घाला. गोळ्या गावाला जातानाच वापरा.

प्रश्न : पायऱ्यांच्या सांध्यांत काळे ठिपके आहेत. घासून जात नाहीत.
(वाचक, इंदिरानगर)

उत्तर : हे काळं शेवाळ. वरचा थर कडक असल्यामुळे क्लोरीन आत पोचत नाही. आधी स्टेनलेस स्टीलच्या तारेच्या ब्रशनं तो थर फोडा, मग वर सांगितल्याप्रमाणे क्लोरीन चढवून ठेवा आणि रोज घासत राहा. साधा लोखंडी ब्रश नको, तुटलेल्या तारांचे गंजाचे डाग पडतात. फायबरची टाकी असेल तर फक्त नायलॉनचा ब्रश. सांधा पोकळ झाला असेल तर तो खरवडून नव्यानं भरून घ्या, नाहीतर ठिपके तिथेच परत येतील.

प्रश्न : त्र्यंबक रोडच्या फार्महाउसवर आम्ही शनिवार-रविवारच जातो. पावसाळ्यात पाणी हिरवंच मिळतं.
(वाचक, नाशिक)

उत्तर : तिकडच्या पावसात टाकी भरून वाहते, त्याबरोबर क्लोरीन आणि सायन्युरिक दोन्ही पातळ होतात. बागेतलं पाणी खतासकट आत येत असेल तर काठाभोवती चर किंवा उंच कडा करा. रविवारी निघताना क्लोरीन 10 पीपीएमला नेऊन ठेवा, पूल गडद आच्छादनानं झाका, पंप टायमरवर रोज आठ तास चालू द्या. गडी असेल तर बुधवारी मोजून हायपो घालायला सांगा. सायन्युरिक दर महिन्याला तपासा. ते 30 च्या खाली आलं असेल तर या दिवसांत तुमच्या पूलला टीसीसीएच्या गोळ्या चालतील.