बर्फाखाली कोण बोलतं?

ध्रुवीय समुद्रातल्या आवाजांबद्दल वाचकांची बरीच पत्रं आली. त्यातली चार निवडली आहेत.

समुद्रावर बर्फाचं झाकण असताना खाली चिडीचूप असणार ना? (नववीतली विद्यार्थिनी, चिपळूण)

तुझा अंदाज अर्धा बरोबर आहे. किनाऱ्याला घट्ट धरून बसलेल्या, न हलणाऱ्या बर्फाखाली खुल्या समुद्राहूनही शांत असू शकतं, कारण तिथे वाऱ्याला लाटा उठवता येत नाहीत. पण हवा अचानक गारठली की बर्फाचा वरचा थर आकसतो आणि तडकतो. तरंगते थर एकमेकांवर चढू लागले की करकर आणि कण्हणं सुरू होतं.

सगळ्यात गंमत हिमनदी समुद्राला मिळते तिथे. तिच्या बर्फात जुनी हवा दाबली जाऊन बसलेली असते. बर्फ वितळला की एकेक बुडबुडा फट्कन सुटतो. असे असंख्य बुडबुडे एकदम सुटले की पाण्यात फोडणीतल्या मोहरीसारखी तडतड चालू राहते. अलास्कातल्या आइसी बेसारख्या खाड्या याच तडतडीमुळे महासागरातल्या सर्वांत गोंगाटाच्या नैसर्गिक जागांमध्ये मोडतात.

१९९७ साली ऐकू आलेला ‘ब्लूप’ आवाज एखाद्या अजस्र प्राण्याचा होता का? (नाशिक)

नाही. प्रशांत महासागरातल्या अमेरिकी जलध्वनिग्राहकांनी तो टिपला होता. अंटार्क्टिकाकडचा बर्फ फुटतानाच्या आवाजांशी तो जुळतो.

इतक्या अंधारात प्राणी काय करतात? (निवृत्त शिक्षक, सातारा)

सर, ते ऐकतात. तिथे हिवाळ्यात सूर्यच उगवत नाही, त्यात डोक्यावर बर्फ. वाट, सोबती, श्वासापुरती फट, सगळं कानांच्या भरवशावर. ग्रीनलंड आणि नॉर्वेची स्वालबार्ड बेटं यांच्यामधल्या फ्रॅम सामुद्रधुनीत बोहेड देवमासे हिवाळाभर, दिवसरात्र गातात. २०१० ते २०१४ या काळातल्या तीन हिवाळ्यांत त्यांची १८४ वेगवेगळी गाणी नोंदली गेली. दरसाल नवी गाणी! हा आकडा मी प्रथम वाचला तेव्हा पुन्हा मागे जाऊन तपासला होता.

दक्षिणेकडेही असंच एक कोडं होतं. १९६०च्या दशकापासून पाणबुड्यांवरच्या खलाशांना बदकाच्या ओरडण्यासारखा आवाज यायचा. देवमाशांच्या अंगावर ध्वनिमुद्रक चिकटवले, तेव्हा कुठे २०१४ मध्ये कळलं की तो अंटार्क्टिक मिंके देवमाशाचा आवाज आहे.

तिकडे जहाजं मोजकीच जातात. त्यांच्या आवाजाने एवढं काय बिघडतं? (जहाजावरचे अभियंता, रत्नागिरी)

तुम्ही इंजिनाजवळ काम करता, म्हणून जरा खोलात जातो. आवाज नेहमी त्याचा वेग कमी असलेल्या पाण्याकडे वळतो. उत्तर ध्रुवीय समुद्रात सर्वांत थंड पाणी वरच असतं, म्हणून तिथे आवाज वर वळतो, बर्फाच्या तळाला आपटून खाली येतो, पुन्हा वर वळतो. उंच पट्टीतले आवाज खडबडीत बर्फावर विखरून विरतात. इंजिनाची, जहाज ढकलणाऱ्या पंख्याची (प्रोपेलरची) खर्जातली घरघर मात्र दूरवर जाते. त्यात बर्फ फोडणारं जहाज मागे सरून पुन्हा धडक देतं, तेव्हा पंख्याभोवती बुडबुडे फुटून प्रचंड गोंगाट होतो.

कॅनडात लँकेस्टर सामुद्रधुनीत असं जहाज ३५ ते ५० किलोमीटरवर असतानाच बेलुगा हे पांढरे देवमासे पळू लागले होते. नारव्हाल हे लांब सुळ्याचे देवमासे पळाले नाहीत, ते गप्प होऊन जागीच थिजले. मला ते थिजणंच जास्त अस्वस्थ करतं. वरून पाहणाऱ्याला वाटेल, यांना काहीच झालेलं नाही.

तेल शोधायला पाण्यात हवेचे बार उडवतात, तो त्रास आणखी वेगळा. बॅफिन बेटावरच्या क्लाइड रिव्हर या इन्युइट (तिथल्या मूळ रहिवाशांच्या) गावाने त्याविरुद्ध कोर्ट गाठलं. तिथल्या लोकांचं अन्नच या प्राण्यांवर अवलंबून. गावाशी नीट सल्लामसलत झाली नाही, म्हणून २०१७ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने परवानगी रद्द केली.

आता तुमच्या हातातली गोष्ट. बहुतेक मालवाहू जहाजांचा वेग उतरवला की पंख्याभोवतालचे बुडबुडे कमी होतात आणि आवाज तिथल्या तिथे खाली येतो. तेलाच्या तवंगासारखं मागे काही उरत नाही. असे पाण्यातले आवाज आपली माणसंही मोजतात. स्वालबार्डच्या काँग्सफिओर्डनमध्ये भारताने २०१४ साली ‘इंडआर्क’ ही यंत्रणा पाण्याखाली उतरवली. त्या कामात वास्कोची ध्रुवीय संशोधन संस्थाही होती. गोव्यात बोट लागली, तर तिथे चौकशी जरूर करा.