वाचकांचे प्रश्न : बर्फाच्या वाटेवर गाडी

प्रश्न : येत्या जानेवारीत आम्ही आमच्या डिझेल गाडीने नाशिकहून मनालीला आणि जमल्यास अटल बोगद्यापलीकडे सिस्सूपर्यंत जाणार आहोत. सोबत सत्तरीच्या सासूबाई आणि आठ वर्षांची मुलगी असेल. यजमान वीस वर्षे कसारा घाटातून गाडी चालवीत आहेत, बर्फाचा अनुभव मात्र नाही. काय तयारी करावी?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : यजमानांचा घाटातला अनुभव उपयोगी पडेल, पण अर्धाच. कसाऱ्यात उतरताना खालच्या गिअरवर इंजिनानेच गाडी रोखून धरायची, हा नियम बर्फातही खरा आहे. परंतु डांबरावर ब्रेक दाबला की चाक रस्ता धरते, तसे ते गोठलेल्या रस्त्यावर धरत नाही आणि थांबायला लागणारे अंतर नेहमीच्या आठ-दहा पट होऊ शकते. चारही चाकांना ताकद देणारी गाडी चढाला निघते चांगली, थांबत मात्र इतर गाड्यांसारखीच आहे, हे कृपया लक्षात ठेवावे. गाडी घसरू लागली तर ॲक्सिलरेटर सोडावा आणि जिकडे जायचे तिकडे स्टिअरिंग हळुवार वळवावे.

दिसणाऱ्या बर्फापेक्षा न दिसणारा बर्फ अधिक घातक असतो. दिवसा वितळलेले पाणी रात्री गोठून काचेसारखा पारदर्शक थर धरते आणि रस्ता नुसता ओला वाटतो. पुलांवर, जिथे खालूनही गार वारा लागतो, आणि देवदारांच्या सावलीत हा थर उशिरापर्यंत टिकतो; म्हणून ऊन चांगले वर आल्यावर निघावे आणि सूर्य कलण्याआधी मुक्कामी पोहोचावे.

आता गाडीविषयी. थंडीत आपल्या घरातले खोबरेल तेल बाटलीत थिजते, तसेच कडाक्याच्या थंडीत डिझेलमधील मेण थिजून फिल्टर तुंबतो. लडाखसाठी इंडियन ऑइलने 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत प्रवाही राहणारे डिझेल आणले, ते याच कारणाने. मैदानी भागातली भरलेली टाकी घेऊन वर जाऊ नये. ती रिकामी होत आल्यावर कुलू-मनालीकडे भरावी. रेडिएटरमध्ये नळाचे पाणी असेल तर निघण्यापूर्वीच बदलून पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे भरून घ्यावे, कारण गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगते आणि इंजिनाला तडा जाऊ शकतो. रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नये, तो गोठून बसतो. गाडी सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत.

एका गोष्टीवर मात्र मला आग्रह धरावासा वाटतो. बर्फात अडकलात आणि ऊब मिळावी म्हणून इंजिन सुरू ठेवले, तर आधी सायलेन्सरचे तोंड बर्फाने बुजलेले नाही ना, हे उतरून पाहावे. ते बुजले की कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. त्याला वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानातील मरी येथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक पर्यटक दगावले, त्यांपैकी काहींचा बळी या वायूने घेतला. तासातून दहा मिनिटेच इंजिन चालवावे, एक काच बोटभर उघडी असावी, आणि घोंगड्या, पाणी, सासूबाईंची औषधे डिकीत नव्हे, हाताशी असावीत.

3 ऑक्टोबर 2020 रोजी खुला झालेला, 9.02 किलोमीटर लांबीचा अटल बोगदा तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे. बोगदा उघडा असला तरी तिथवरचा रस्ता बर्फाने बंद होतो, आणि पोलीस अनेकदा फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या, गाड्याच पुढे सोडतात. म्हणून माझे मत असे, की आपली गाडी मनालीतच ठेवावी आणि सिस्सूसाठी तिथलाच चालक व त्याची गाडी करावी.

प्रश्न : पहाटे काचेवर बर्फ जमल्यास गरम पाणी ओतावे का?
— एक वाचक, निफाड

उत्तर : मुळीच नाही, काच तडकते. रात्री वायपर उभे करून काचेवर जाड कापड टाकावे आणि सकाळी प्लॅस्टिकच्या पट्टीने बर्फ खरवडावा.